डोळ्याचा पडदा सुटला तर

मोतीबिंदू म्हणजे काय, हे आता खेडोपाडी सर्वांना ठाऊक झाले आहे. शिबिरे भरतात. म्हातारी माणसे गाडीत बसून जातात आणि डोळ्याला पट्टी लावून परत येतात. मोतीबिंदू चार महिने उशिरा काढला तरी बहुधा बिघडत नाही. म्हणून डोळ्याचे दुखणे म्हटले की आपण म्हणतो, ‘सुगी उरकू दे, मग बघू.’

पण डोळ्याचा एक आजार असा आहे की तो सुगी उरकेपर्यंत थांबत नाही. त्यात महिने नव्हे, दिवस मोजावे लागतात. त्याला ‘पडदा सुटणे’ किंवा ‘पडदा सरकणे’ म्हणतात. हा आजार फार माणसांना होतो असे नाही. दहा हजार माणसांत वर्षाला साधारण एकाला होतो. पण ज्याला होतो त्याचा डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि वेळेवर गेले तर तोच डोळा पुष्कळदा वाचतो.

या आजाराबद्दल दोन चुकीच्या समजुती आम्ही नेहमी ऐकतो. पहिली अशी: ‘दुखत नाही ना, मग घाई कसली?’ दुसरी अशी: ‘शस्त्रक्रिया झाली, महिना झाला, तरी नीट दिसत नाही. पैसे पाण्यात गेले.’ या दोन्ही समजुती का खोट्या आहेत, हे आज आपण समजून घेऊ. त्यासाठी डोळ्याच्या आत काय असते, ते आधी पाहिले पाहिजे.

डोळ्याच्या आत काय असते?

डोळा म्हणजे एक छोटा चेंडूच. त्याची रुंदी सुमारे 24 मिलिमीटर, म्हणजे एका इंचाला थोडी कमी. पुढे काळी बाहुली दिसते. ती खरे तर एक भोक आहे. त्यातून उजेड आत जातो. बाहुलीच्या मागे भिंग असते. ते भिंग गढूळ झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात.

भिंगाच्या मागे सगळी पोकळी एका पारदर्शक गराने भरलेली असते. कोरफडीचे पान चिरल्यावर आत जसा गर दिसतो, तसाच हा दिसतो. त्या गराच्या मागे, चेंडूच्या आतल्या बाजूला, एक पातळ पापुद्रा अस्तरासारखा बसलेला असतो. हाच डोळ्याचा पडदा. पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे वहीची दोन-तीन पाने एकावर एक ठेवली तर होईल तेवढी.

आपण पाहतो ते या पडद्यामुळे. भिंग उजेड गोळा करून पडद्यावर टाकते. पडदा त्या उजेडाची खबर करतो. मग मज्जातंतूंची एक जाड दोरी ती खबर मेंदूकडे नेते. पडदा नसेल तर भिंग कितीही स्वच्छ असो, माणूस आंधळाच.

पडद्याच्या मागे आणखी एक काळपट थर असतो. आपण त्याला काळा थर म्हणू. त्याच्याही मागे बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. या दोघांची नावे ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

उजेड पकडणाऱ्या पेशी

आपले शरीर फार बारीक बारीक कणांचे बनले आहे. त्यांना पेशी म्हणतात. पडद्यात अनेक तऱ्हेच्या पेशी आहेत. त्यांतल्या दोन तऱ्हा उजेड पकडतात.

पहिली तऱ्हा दांडीच्या आकाराची. या दांडीपेशी एका डोळ्यात सुमारे 12 कोटी असतात. त्या अंधुक उजेडात काम करतात. रात्री चांदण्यात बांधावरून चालताना आपल्याला वाट दाखवतात त्या याच.

दुसरी तऱ्हा शंकूच्या आकाराची. या शंकूपेशी सुमारे 60 लाख असतात. त्यांना भरपूर उजेड लागतो. रंग ओळखणे, अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे, ही सर्व कामे शंकूपेशींची. पडद्याच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. शंकूपेशींची सर्वात दाट वस्ती तेथे आहे. आता तुम्ही ही ओळ वाचत आहात ती त्या ठिपक्याच्या जोरावर.

प्रत्येक पेशीला एक टोक असते. ते मागच्या काळ्या थरात रुतलेले असते. उजेड पकडण्याचे खरे काम हे टोक करते. त्याची रचना मोठी गमतीची आहे. भाकऱ्यांची चळत रचावी, तशा शेकडो चपट्या चकत्या त्यात एकावर एक रचलेल्या असतात. त्या चकत्यांत उजेड पकडणारे द्रव्य असते. ते द्रव्य तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. म्हणून तर हिरव्या पालेभाज्या, पिकलेली पपई, गाजर, दूध, अंडी खावीत असे सांगतात. अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो.

ही चळत कायम तशीच राहत नाही. खालून रोज नव्या चकत्या तयार होतात आणि शेंड्याकडच्या जुन्या चकत्या गळतात. मागचा काळा थर त्या जुन्या चकत्या खाऊन टाकतो. म्हणजे पेशीचे टोक एकीकडून झिजते आणि दुसरीकडून वाढते. सुमारे दहा दिवसांत सगळे टोक नवे होते. अमेरिकेतील रिचर्ड यंग या शास्त्रज्ञाने 1967 साली प्राण्यांच्या डोळ्यांवर प्रयोग करून ही गोष्ट सिद्ध केली.

आता बघा, गाय गवताचा शेंडा खाते, पण बुडखा जिवंत असेल तर गवत पुन्हा वाढते. पेशीचेही तसेच. टोक गेले तरी बुडखा जिवंत असेल तर नवे टोक फुटते. या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे.

पडदा सुटतो कसा?

तरुणपणी डोळ्यातला गर घट्ट असतो. वय वाढले की तो पातळ होतो आणि आक्रसतो. आक्रसताना तो पडद्यापासून अलग होतो. बहुतेक माणसांत हे सहज होते, काही बिघडत नाही. पण एखाद्याच्या डोळ्यात गर एके जागी पडद्याला घट्ट चिकटलेला असतो. तेथे ओढ बसते आणि पडदा फाटतो. त्या भोकातून पातळ झालेले पाणी पडद्याच्या मागे शिरते. पाणी शिरत जाते तसतसा पडदा सुटत जातो. ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा फुगून सुटतो ना, अगदी तसे.

हा धोका काही जणांना जास्त असतो. ज्यांना लांबचे दिसत नाही आणि मोठ्या नंबरचा चष्मा आहे, त्यांना. ज्यांच्या डोळ्याला जबर मार लागला आहे, त्यांना. विटीदांडूची विटी, बैलाचे शिंग, तारेचा झटका, दगड फोडताना उडालेली कपची, यांतले काहीही कारण होऊ शकते. ज्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना. ज्यांच्या घराण्यात कोणाचा पडदा सुटला आहे, त्यांना. आणि ज्यांचा एक डोळा असा गेला आहे, त्यांच्या दुसऱ्या डोळ्याला. मधुमेह फार दिवसांचा असेल तर पडद्यावर वाईट रक्तवाहिन्या आणि चिवट पापुद्रे वाढतात. तेही पडद्याला ओढून सोडवतात.

खुणा कोणत्या?

पडदा सुटण्याआधी डोळा बहुधा इशारा देतो. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके, केस किंवा कोळ्याचे जाळे तरंगू लागते. एखाददुसरा ठिपका पुष्कळांना वर्षानुवर्षे दिसतो, त्याची चिंता नको. पण आज अचानक ठिपक्यांचा पाऊस पडू लागला, तर तो इशारा समजावा.

दुसरी खूण म्हणजे डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे होते. अंधारात, डोळे मिटले तरी चमक दिसते. गराने पडद्याला ओढले की असे होते.

तिसरी खूण सर्वात गंभीर. एका बाजूने काळी सावली येते आणि ती वाढत जाते. कोणी खिडकीवर हळूहळू गोणपाट ओढावे तसे वाटते. ही सावली दिसली म्हणजे पडदा सुटू लागला आहे.

यात वेदना मुळीच नसते. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. कारण पडद्याला दुखण्याची जाणीवच नाही. तो फक्त उजेड जाणतो. म्हणून ‘दुखत नाही’ ही येथे समाधानाची गोष्ट नाही.

आणखी एक फसवणूक होते. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो. माणसाला कळतच नाही. म्हणून अधूनमधून एक डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्याने भिंतीवरची दिनदर्शिका किंवा खिडकीचे गज पाहावेत. मग दुसरा झाकावा. घरातल्या बायकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. ‘खर्च कशाला वाढवायचा’ म्हणून त्या आपले दुखणे झाकून ठेवतात आणि चुलीपुढे अंदाजाने काम करीत राहतात. बायांनो, डोळा गेल्यावर होणारा खर्च यापेक्षा फार मोठा असतो.

सुटल्यावर पेशींचे काय होते?

उजेड पकडणाऱ्या पेशींना अन्न आणि प्राणवायू मुख्यतः मागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून मिळतो. तो काळ्या थरातून पाझरून येतो. पडदा सुटला की मध्ये पाणी साचते. पेशी आपल्या अन्नापासून दूर जातात. मधल्या पिवळ्या ठिपक्याच्या गाभ्यात तर स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतातच. तो सर्वस्वी मागच्या जाळ्यावर जगतो.

भातशेती करणाऱ्याला हे चटकन समजेल. तरव्यातून रोप उपटले की त्याची जमीन सुटते. ते रोप लगेच चिखलात लावले तर जगते. बांधावर पडून राहिले तर आधी शेंडे मान टाकतात, मग पाने सुकतात, मग मूळही मरते. एकदा मूळ मेले की कितीही पाणी घाला, ते रोप उठत नाही.

डोळ्यात हाच क्रम असतो. पहिल्या काही दिवसांत पेशींची टोके आखूड होऊ लागतात. चकत्यांची चळत ढासळते. काही पेशी मरू लागतात. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मरणाऱ्या पेशींची संख्या सर्वात जास्त असते. त्यानंतर ती कमी होते, पण थांबत नाही. ज्या मरत नाहीत, त्या टोक हरवून नुसत्या बुडख्यावर तग धरून राहतात. पडदा परत जागेवर येण्याची त्या वाट पाहतात असे म्हणा ना.

माणसाच्या डोळ्यात मेलेल्या पेशीच्या जागी नवी पेशी येत नाही. काही माशांच्या डोळ्यांत येते, आपल्या नाही. म्हणून हिशोब सरळ आहे. जितके दिवस उशीर, तितक्या जास्त पेशी कायमच्या गेल्या. मधला ठिपका अजून सुटला नसेल, तर डॉक्टर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करू पाहतात. कारण ठिपका वाचला तर वाचण्याची नजर वाचते. ठिपका सुटला असेल तरीही तीन दिवसांच्या आत, निदान आठवड्याच्या आत पडदा बसवला तर फळ चांगले मिळते. महिना उलटला तर पडदा बसतो, पण नजर पूर्वीसारखी येणे कठीण.

डॉक्टर काय करतात?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या आजारावर खरा इलाज नव्हता. रोग्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावीत. तरी बहुतेकांचा डोळा जाई.

स्वित्झर्लंड देशात लोझान नावाचे गाव आहे. तेथे ज्यूल गोनँ नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. ते 1870 साली जन्मले आणि 1935 साली वारले. त्यांनी रोग्यांचे डोळे फार चिकाटीने तपासले आणि सांगितले, ‘रोगाचे मूळ पडद्याच्या भोकात आहे. भोक बुजवा, म्हणजे पडदा बसेल.’ 1920 च्या सुमारास त्यांनी तापवलेल्या सुईने भोकाची जागा डागून ते बुजवायला सुरुवात केली. मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटेना. पण हळूहळू आंधळे झालेले लोक पाहू लागले, तेव्हा सगळ्यांना पटले.

पुढे बेल्जियममध्ये जन्मलेले डॉक्टर चार्ल्स शेपेन्स यांनी 1940 ते 1950 च्या दरम्यान डोक्यावर बांधून पडदा तपासण्याचे यंत्र तयार केले. त्यामुळे डॉक्टरला दोन्ही डोळ्यांनी पाहता येऊ लागले आणि पडद्याच्या कडेची बारीक भोकेही सापडू लागली. अमेरिकेत डॉक्टर रॉबर्ट माकेमर यांनी 1970-71 च्या सुमारास डोळ्याला बारीक छिद्र पाडून आतला गर काढण्याची रीत बसवली.

आज मुख्यतः तीन रीती आहेत. डॉक्टर डोळा पाहून ठरवतात. पहिल्या रीतीत डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवतात. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी ती बसते. तिच्या दाबाने डोळ्याची भिंत आत येऊन पडद्याला टेकते. दुसऱ्या रीतीत आतला गर काढतात, पाणी शोषून घेतात आणि आत वायू किंवा सिलिकॉनचे तेल भरतात. तिसऱ्या रीतीत नुसता वायूचा बुडबुडा सुईने आत सोडतात. सर्व रीतींत भोकाभोवती लेसरच्या किरणांनी किंवा अतिथंड सळईने डागतात. तेथे व्रण धरतो आणि भोक पक्के बुजते. पहिल्याच शस्त्रक्रियेत दहापैकी आठ-नऊ जणांचा पडदा बसतो. उरलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

पडदा सुटला नसेल, नुसता फाटला असेल, तर काम फार सोपे असते. लेसरने भोकाभोवती डागले की बहुधा भागते. माणूस त्याच दिवशी घरी येतो. म्हणून ठिपके आणि चमक दिसताच जाणारा शहाणा.

पेशी सावरतात कशा?

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. ‘शस्त्रक्रिया झाली तरी दिसत नाही.’

मंडळी, डॉक्टर पडदा जागेवर बसवतो. पेशी बरी करणे त्याच्या हातात नाही. लावणी करणारा रोप चिखलात खोवतो, पण मूळ धरण्याचे काम रोपाचे असते. लावणीनंतर चार-आठ दिवस शेत पिवळे दिसते. म्हणून कोणी शेतकरी ‘लावणी फुकट गेली’ म्हणत नाही. तो थांबतो. मग एके दिवशी नवे पान फुटते आणि शेत हिरवे होते.

पडदा काळ्या थराला टेकला की पेशींना पुन्हा अन्न मिळू लागते. बुडख्यातून नव्या चकत्या तयार होऊ लागतात. टोक पुन्हा वाढते. काळा थर पुन्हा जुन्या चकत्या खाऊ लागतो. माकेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968-69 साली माकडांच्या डोळ्यांवर हे पाहिले. सुटलेला पडदा बसवल्यावर पेशींना पुन्हा टोके फुटली. पुढे मांजरांच्या डोळ्यांवरही प्रयोग झाले. त्यांत दिसले की टोके वाढतात, पण सगळीकडे सारखी वाढत नाहीत. काही आखूड राहतात, काही वाकडी. पडदा जितके जास्त दिवस सुटलेला होता, तितकी वाढ अपुरी.

आता माणसाच्या डोळ्यातही हे पाहता येते. ओसीटी नावाचे यंत्र 1991 साली अमेरिकेत पुढे आले. ते उजेडाच्या साहाय्याने पडद्याचा उभा छेद दाखवते. चिरफाड नाही, वेदना नाही. हनुवटी टेकवून बसायचे आणि समोर बघायचे. शस्त्रक्रियेनंतर या चित्रात पेशींच्या टोकांची रेघ आधी तुटक दिसते. महिन्यांमागून महिने जातात तशी ती पुष्कळांच्या डोळ्यांत जुळत येते. आणि रेघ जुळते तशी नजरही सुधारते.

टोक दहा दिवसांत नवे होते, तर मग महिने का लागतात? कारण दहा दिवस हे धडधाकट पेशीचे गणित आहे. येथे पेशी आजारी आहे. पडद्यामागे थोडे पाणी राहिलेले असते, ते शोषले जायला वेळ लागतो. टोक आणि काळा थर यांचे जमायला वेळ लागतो. पेशींची पुढच्या तंतूंशी मोडलेली जुळणी पुन्हा बसायला वेळ लागतो.

नजर किती येते, कधी येते?

आत वायू असेल तोवर सगळे धूसरच दिसते. पाण्यात डोळे उघडल्यासारखे वाटते. वायू जिरू लागला की वरून स्वच्छ आणि खाली हलणारी रेघ दिसते. एका जातीचा वायू सुमारे दोन आठवड्यांत जिरतो, दुसऱ्या जातीचा सहा ते आठ आठवडे राहतो. तेल आपोआप जिरत नाही. ते बहुधा काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून काढावे लागते.

त्यानंतर नजर हळूहळू वाढते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाढ जास्त असते. पुढे सहा महिने, वर्षभर, काहींना त्याहूनही अधिक काळ थोडी थोडी वाढ होत राहते.

मधला ठिपका सुटला नव्हता, तर नजर बहुधा पूर्वीसारखी राहते. ठिपका सुटला होता, तर पुष्कळदा काहीतरी उणीव उरते. सरळ रेघ वाकडी दिसते. खिडकीचे गज लाटेसारखे भासतात. वस्तू जरा लहान दिसते. लाल मिरची फिकट वाटते. अंधुक उजेडात चाचपडायला होते. यांतले काही वेळाने कमी होते, काही तसेच राहते. तरी ज्या डोळ्याला उजेड आणि अंधारच कळत होता, त्याने माणूस ओळखता आला, विहिरीचा काठ दिसला, तर ते काय थोडे झाले?

गर काढण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर पुढे त्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर होतो. नजर सुधारून पुन्हा अंधुक झाली, तर घाबरू नये, पण दाखवावे. मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो. पडदा पुन्हा सुटला असेल तर तेही वेळेवर कळते.

घरच्यांनी काय करायचे?

डॉक्टर डोके जसे ठेवायला सांगतील तसेच ठेवावे. पालथे म्हणाले तर पालथे, कुशीवर म्हणाले तर कुशीवर. वायूचा बुडबुडा नेहमी वर चढतो. तो भोकाच्या जागी टेकावा म्हणून ही शिस्त. रोग्याला याचा फार कंटाळा येतो. मान आखडते. अशा वेळी घरच्यांनी जवळ बसावे, गोष्टी सांगाव्यात, पोथी किंवा वर्तमानपत्र वाचून दाखवावे. तुम्ही वाचायला शिकलात, त्याचा येथे उपयोग करा.

डोळ्यात वायू असताना विमानात बसू नये. उंच घाट चढायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यावर ताण येतो. याच काळात दुसऱ्या कशासाठी भूल घ्यावी लागली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यातल्या वायूची गोष्ट आधी सांगावी.

डोळा चोळू नये. डॉक्टर सांगेपर्यंत ओझे उचलणे, नांगर धरणे, विहिरीत पोहणे बंद. थेंब वेळेवर घालावेत, हात साबणाने धुऊन. मध, झाडपाल्याचा रस, तूप, काजळ, यांतले काहीही डोळ्यात घालू नये. डोळा लाल झाला, ठणकू लागला, घाण येऊ लागली किंवा नजर एकदम कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जावे.

पहिला इलाज कुठे मिळेल? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. ‘मला पडदा तज्ज्ञाकडे जायचे आहे, चिठ्ठी द्या,’ असे स्पष्ट म्हणावे. ही शस्त्रक्रिया प्रत्येक दवाखान्यात होत नाही. मोठ्या शहराच्या रुग्णालयात जावे लागते. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे. तेथे सरकारी योजना आणि धर्मादाय खाटा यांची चौकशी करावी. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि दुसरा डोळा तपासून घ्यायला विसरू नये. त्यातही पातळ जागा किंवा भोक असेल, तर ते आधीच डागून ठेवता येते.

एवढे लक्षात ठेवा

डोळ्यापुढे एकाएकी खूप ठिपके आले, चमक दिसली, किंवा कडेने काळी सावली आली, तर त्याच दिवशी निघा. उद्याचा बाजार, परवाचे लग्न, पुढच्या आठवड्याची कापणी, यांतले काहीही डोळ्यापेक्षा मोठे नाही. कापणीला भावकीतले चार हात मिळतील. डोळा उसना मिळत नाही.

शस्त्रक्रिया झाली की मात्र उलटे वागा. तेथे घाई नको. पेशींना आपले काम करायला वेळ द्या. सांगितलेल्या तारखांना तपासून घ्या. शेजारी काहीही म्हणोत, चार-सहा महिने निकाल लावू नका.

निघताना घाई आणि नंतर धीर, एवढेच आपल्या हातात आहे. बाकीचे काम डॉक्टर आणि डोळ्यातल्या त्या बारीक पेशी मिळून करतात.